चंद्रावरचं पावणं

वरच्या खोलीचं दार मी पहिल्यांदा वाजवलं ते भांडायलाच.

शनिवारची दुपार होती. जेवून जरा पाठ टेकावी म्हणून आडवी झाले, तर डोक्यावर ताटं बडवल्याचा आवाज सुरू झाला. मग पोरींचं किंचाळणं, मग पुन्हा ताटं. छताची माती माझ्या उशीवर पडायला लागली. आधीचे दोन शनिवार मी गप्प बसले होते. वर भाड्यानं राहणाऱ्या, नर्सिंग शिकणाऱ्या दोन पोरी, येता-जाता "मावशी, बाजारातनं काय आणायचं काय?" विचारायच्या, त्यांचा थोडा दंगा खपवून घ्यावा माणसानं. पण तिसऱ्या शनिवारी मी पदर खोचला आणि जिना चढले.

दार अनुजानं उघडलं. ही बार्शीची, उंच, बोलायला फटकळ. एका हातात स्टीलचं ताट, दुसऱ्या हातात उलथनं.

"लढाई चाललीय काय गं वर?" मी विचारलं.

"मावशी, या या, लवकर आत या! रॉकेट उडायलंय!"

आत टीव्हीसमोर रेश्मा मुल्लाणी मांडी घालून बसली होती. ही जतची. तिच्या मामूची तिकडं व्हिडिओ लायब्ररी होती, ती बंद पडली तेव्हा एक जुना व्हीसीआर आणि खोकंभर कॅसेटी हिच्या वाट्याला आल्या होत्या. पडद्यावर नऊवारी नेसलेली एक बाई डोक्यावर तपेलं घालून पत्र्याच्या पिंपात शिरत होती. पिंपाच्या बुडाखाली धूर होता, आणि तो सरळसरळ चुलीचा धूर होता.

"कुठला पिच्चर हा?" मी विचारलं.

"'सासूबाई निघाल्या चंद्रावर'," रेश्मा म्हणाली. "मावशी, इतका भंगार पिच्चर जगात नसंल. आमच्या आधीच्या हॉस्टेलच्या सगळ्या पोरींना पाठ आहे."

मी दारातच थांबले. कारण त्या पिच्चरमधला चंद्र माझ्या नवऱ्यानं केला होता.

माझे मालक, बळवंत सुतार, इथं कोल्हापुरात स्टुडिओत सेट उभारायचे. कधी देऊळ, कधी पाटलाचा चौसोपी वाडा, कधी तुरुंग. हा चंद्र करताना मात्र त्यांना भलताच हुरूप आला होता. गोणपाटावर प्लॅस्टर थापायचं, ते ओलं असताना त्यात खड्डे पाडायचे, वरून राख उधळायची. खड्ड्यांसाठी त्यांनी आमच्या घरातली भाकरीची बुट्टी नेली होती आणि ती परत आलीच नाही. मी महिनाभर त्यांच्या नावानं खडे फोडत होते. पिच्चर आला तेव्हा मी बहिणीच्या बाळंतपणाला गडहिंग्लजला गेले होते, आणि मी परत येईपर्यंत तो थिएटरातून उतरलासुद्धा. "बघायला पाहिजे होतंस गं शालन," ते म्हणाले होते. "मी बी हाय त्यात." मी म्हणाले, "होय होय, तुम्हीच हिरो." त्यावर दोघंही हसलो आणि विषय तिथंच संपला. पुढं चार वर्षांनी त्यांना कावीळ झाली आणि महिन्याभरात ते गेले. आम्हाला मूलबाळ नव्हतं. मी पुढच्या खोलीत शिवणक्लास सुरू केला, तो बरीच वर्षं चालला, मग पोरी शिवण शिकायच्या बंद झाल्या आणि तोही बंद पडला.

त्यांचा म्हणून माझ्याकडं एकच फोटो होता, लग्नातला. त्यात ते फ्लॅशला दचकून डोळे वटारून उभे आहेत, मुंडावळ्या वाकड्या झाल्यात, तोंड घट्ट मिटलेलं. तो माणूस माझा नवरा आहे हे मला मान्य होतं, एवढंच. एकटं राहून राहून माझं एक वाईट व्हायला लागलं होतं. डोळे मिटले की हाच वटारलेला चेहरा समोर यायचा, दुसरा कुठला येतच नव्हता. ते हसायचे कसे, चालायचे कसे, काही केल्या आठवेना. भाकरी थापता थापता मी आठवायला बसायची आणि तव्यावरची करपायची. या गोष्टीची मला फार भीती वाटायची. माणूस एकदा गेला होता. आता तो दुसऱ्यांदा चालला होता, आणि या वेळी तो माझ्याच डोक्यातून चालला होता.

तर मी आत गेले आणि बसले. टीव्हीच्या डाव्या बाजूला भिंतीशी तेवढी जागा रिकामी होती.

पिच्चर खरंच भंगार होता. सासूबाई चंद्रावर उतरतात. तिथं चंदेरी कागद गुंडाळलेले लोक, गालांवर टिकल्या चिकटवलेली चंद्रराणी. सासूबाईंना भांडायला सून मिळत नाही म्हणून करमेना, तेव्हा त्या चंद्रराणीशी आमटीवरून भांडण काढतात. "आमटीत गूळ घालत नाही? काय म्हणावं तुमच्या चंद्राला!" हे वाक्य पोरींनी सासूबाईंच्या आधीच म्हटलं आणि ताटं बडवली. मलाही हसू आलं. माझं लक्ष मात्र मागच्या चंद्रावर होतं. एका खड्ड्यात आमच्या बुट्टीची वीण स्पष्ट दिसत होती.

मग सासूबाई एका ढेकळावर उभ्या राहिल्या, दोन्ही हात पसरले आणि हंबरडा फोडला, "अगं बाई! या चंद्रावर चिटपाखरूसुद्धा नाही गं!"

"आता बघा मावशी!" रेश्मानं माझा गुडघा धरला.

सासूबाईंच्या मागच्या टेकाडाआडून एक माणूस आला. खाकी हाफ पँट, पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट, कानाला पेन्सिल. तो क्षणभर उभा राहिला, समोर कुठंतरी बघितलं आणि हसला. मग हात चड्डीला पुसत, खड्डे चुकवत, सावकाश चंद्र ओलांडून डावीकडं निघून गेला.

दोघी पोरी उभ्या राहिल्या आणि एका सुरात ओरडल्या, "ओ पावणं, कुठं निघालासा?"

आणि ताटांचा नुसता कल्लोळ.

मी टीव्हीकडं सरकले; ते माझे मालक होते. ते चालताना डावा खांदा जरा खाली सोडायचे. रंधा मारून मारून तसा झाला होता. हसताना आधी डोळे बारीक व्हायचे, मग ओठ हलायचे. सगळं एकदम परत आलं.

"काय झालं मावशी?" अनुजानं विचारलं.

"काही नाही. कोण गं तो?"

"कुणाला माहीत! शूटिंग चालू असताना कोणतर मधनंच चालत गेलाय. चिटपाखरू नाही म्हणते आणि मागनं हा! आम्ही त्याला पावणं म्हणतो. सगळ्या पिच्चरमधी एकटा तोच बरा आहे बघा. पण निघालाय कुठं, काय कळत नाही."

ते कुठं निघाले होते, ते मला ठाऊक होतं. पण मी बोलले नाही. सांगितलं असतं तर पोरींचे चेहरे उतरले असते. 'अगं बाई, मावशींचे मिस्टर' असं झालं असतं. मग ताटं गेली असती आणि आरडाओरडाही गेला असता. इतक्या वर्षांत त्यांच्या नावानं कुणी इतकं खूश होऊन ओरडलं नव्हतं. त्यांच्या नावानं कुणी काहीच बोललं नव्हतं. मी म्हणाले, "परत लाव गं तेवढं."

त्या शनिवारपासून मी दर शनिवारी वर जायला लागले. जाताना कधी चिवडा न्यायची, कधी थालीपीठ. आठवड्याचे बाकीचे दिवस मी त्या दुपारसाठी ढकलायची. पोरींना वाटलं, मावशीला पिच्चरचं वेड लागलं. मी नेहमी त्याच जागी बसायची, टीव्हीच्या डाव्या अंगाला.

"मावशी, तिथनं तिरकं दिसत असंल. मधी बसा की," अनुजा म्हणायची.

"मला इथनंच बरं दिसतं," मी म्हणायची.

पावणं आले की मी रेश्माला सांगायची, परत लाव. ती फीत मागं घ्यायची आणि ते पुन्हा टेकाडाआडून यायचे. पुन्हा हसायचे. पोरी पुन्हा विचारायच्या. मी मनात उत्तर द्यायची.

फीत अशी की जिथं जास्त वेळा मागंपुढं करावी तिथंच ती झिजते. दिवाळी झाली तसे पावण्यांच्या अंगावर पांढरे पट्टे यायला लागले. एकदा तर डोकंच दिसेना. मला रात्री झोप लागली नाही. रेश्मा म्हणाली, "आता फार फिरवायची नाही, तुटंल." तिनं सहज म्हटलं, पण मला जेवण गेलं नाही.

त्यातच संक्रांत झाली की पोरींचं शिक्षण संपणार होतं. अनुजाला पुण्याला नोकरी लागली होती, रेश्मा गावाकडं जाणार होती. व्हीसीआर तिचा, कॅसेट तिची. मागायची कशी? पोरीच्या मामूची आठवण ती. मी रोज ठरवायची की आज विचारते आणि रोज तिळाच्या लाडवांवर बोलून परत यायची.

शेवटच्या शनिवारी मी वर गेले तर दोघी दारातच उभ्या. रेश्माच्या हातात चमकणारी एक सीडी.

"मावशी, ही तुम्हाला," ती म्हणाली. "कॅसेटची सीडी करून घेतली. आता झिजायची भीती नाही. आम्ही गेलो तरी तुम्ही रोज बघा. लावायचं यंत्र पण अनुजानं तिचं तुमच्यासाठी ठेवलंय."

मी त्या पोरीच्या तोंडावरून हात फिरवला. माझ्या मनातलं न मागता मिळालं होतं.

सीडी लावली. चित्र कसं स्वच्छ, धुऊन काढल्यासारखं. रॉकेट उडालं, ताटं वाजली. आमटीचं भांडण झालं. सासूबाई ढेकळावर चढल्या, हात पसरले, "अगं बाई! या चंद्रावर चिटपाखरूसुद्धा नाही गं!"

पोरींनी श्वास घेतला, आणि चित्र टुणकन उडी मारून पुढं गेलं. चंद्रराणी नाचायला लागली.

"आं?" अनुजा म्हणाली. "पावणं कुठंय?"

रेश्मानं मागं घेतलं. चिटपाखरूसुद्धा नाही, आणि चंद्रराणी. पुन्हा मागं घेतलं. पुन्हा तेच. या वेळी सासूबाई खरं बोलत होत्या.

मी उठले. "कुणाकडनं केली ही?"

"हुपरीकर व्हिडिओ शूटिंग. तालमीजवळ. मावशी, थांबा, आम्ही विचारून..."

मी जिना उतरलेसुद्धा होते. भर दुपारी डोक्यावर पदरही न घेता मी रस्त्यानं निघाले. मागून दोघींच्या चपलांचा आवाज येत होता.

हुपरीकर दुकानात एका लग्नाच्या कॅसेटला गाणं जोडत बसला होता. केसाला तेल, कपाळाला गंध. मला आणि मागच्या पोरींना बघून खूश झाला. "या मावशी. काय, आवडली का सीडी? नव्यासारखी करून दिल्या की नाही?"

"एक माणूस कमी आहे त्यात," मी म्हणाले.

"कुठला?"

"चंद्रावरनं चालत जातो तो."

"तो व्हय!" तो हसला. "ती जागा लई खराब झालती, नुसत्या रेघा. आणि कोणतर हमाल मधनं आडवा आलता, म्हणून म्हटलं काढूनच टाकू. लग्नाच्या कॅसेटीत पण आचारी, बँडवाला कोण आडवं आलं की आम्ही काढतोच. गिऱ्हाईकानं सांगायला लागत नाही."

"तो हमाल माझा नवरा आहे," मी म्हणाले.

इतके शनिवार जे गिळलं होतं ते असं एका परक्या माणसासमोर तोंडातून गेलं. मागं रेश्माच्या तोंडून "या अल्ला" असं निघालं. समोरच्या पडद्यावर कुणाच्या तरी लग्नातल्या अक्षता थांबून राहिल्या होत्या.

हुपरीकर खुर्चीतून उठला. "मावशी, आईशप्पथ, मला काय माहीत..."

"कॅसेट कुठंय?"

त्यानं कोपऱ्यातल्या पोत्याकडं बघितलं. पोतं कॅसेटींनी भरलेलं, वर काळ्या फितींचा गुंता. "सीडी झाली की जुनी कॅसेट कोण परत नेत नाही. माझा मेव्हणा घेऊन जातो. शाळू भरलाय, रानात पाखरं येत्यात. फीत ताणून बांधली की वाऱ्यानं वाजती, चकाकती, पाखरं बसत नाहीत. आज संध्याकाळी न्यायला येणार होता."

मी खाली बसले आणि पोत्यात हात घातला. एकेक कॅसेट काढायला लागले. कुणाचा साखरपुडा, कुणाचं बारसं. काहींच्या फिती मोकळ्या होऊन एकमेकींत अडकलेल्या. पोरीही बसल्या. मला सारखं दिसत होतं, शिवारात ताणलेल्या फितीवर माझा माणूस वाऱ्यात फडफडतोय आणि त्याला बघून चिमण्या उडताहेत.

रेश्माला सापडली. तिच्या मामूच्या अक्षरात वर 'सासूबाई' लिहिलेलं. वीतभर फीत बाहेर लोंबत होती, चुरगळून गेलेली.

हुपरीकरनं ती तिच्या हातातून जपून घेतली. लग्नाचं काम बाजूला सारलं, दुकानाचं दार लोटून घेतलं. मऊ फडक्यानं फीत पुसत, बोटानं गुंडाळत तो बराच वेळ बसला. मी त्याच्याकडं बघत होते. त्याच्यावरचा राग कधी गेला ते मला कळलं नाही. शेवटी तो म्हणाला, "चित्र हाय, मावशी. रेघा राहणार. पण तिथला आवाज गेला. कड चुरगळलीय ना फितीची, आवाज कडेला असतोय."

"आवाज नको," मी म्हणाले. "माणूस ठेव."

दिवे लागायच्या सुमाराला नवी सीडी घेऊन आम्ही वरच्या खोलीत बसलो. पोरींचं सामान भिंतीशी बांधून ठेवलेलं होतं. रॉकेटखाली चुलीचा धूर निघाला. कुणी ताट वाजवलं नाही. आमटीचं भांडण झालं, कुणी म्हटलं नाही. दोघी सुतकात बसल्यासारख्या बसल्या होत्या, अनुजा तर नाक पुसत होती. मला ज्याची भीती होती तेच झालं होतं. मी त्यांचं पावणं हिरावून घेतलं होतं आणि तिथं एक मेलेला माणूस आणून ठेवला होता.

सासूबाईंनी हात पसरले. "या चंद्रावर चिटपाखरू..." आणि आवाज गेला. खोलीत फक्त पंख्याची घरघर.

ते आले. अंगावर रेघा होत्या, पण आले. उभे राहिले, बघितलं, डोळे बारीक केले, हसले. खड्डे चुकवत चालायला लागले. कुणी म्हणजे कुणी काही विचारलं नाही. इतक्या लांबून माणूस आला आणि त्याला कुणी साधं विचारतसुद्धा नाही, हे मला सोसवेना.

"ओ पावणं," मी ओरडले. "कुठं निघालासा?"

ते डावीकडं निघून गेले. रेश्मानं सीडी थांबवली.

अनुजानं हळूच विचारलं, "कुठं निघालते, मावशी?"

"जेवायला," मी म्हणाले. "माझ्याकडं."

मग मी सांगितलं. लग्नाला वर्ष व्हायचं होतं. ते सकाळी डबा विसरून गेले म्हणून मी तो घेऊन स्टुडिओत गेले. आयुष्यात एकदाच गेले. आत काय चाललंय मला कुठं कळत होतं? मोठं दार उघडं होतं, आत उजेड होता, आणि त्या उजेडात मोठ्या राखेच्या ढिगाआड हे उभे होते. मी दारातूनच डबा वर करून दाखवला. त्यांनी बघितलं आणि सरळ चालत आले. कॅमेरा नाही, बाई नाही, काही दिसलं नाही त्यांना. मग आरडाओरड झाली, कुणीतरी शिव्या दिल्या, मी लाजून पळाले. हे हसत हसत मागून बाहेर आले. दाराआड लाकडाच्या ओंडक्यावर बसून आम्ही एका डब्यात जेवलो. तेवढा तुकडा फेकून दिला असेल, असं मी धरून चालले होते.

"म्हणजे ते हसतात ते..." रेश्मा म्हणाली.

"डबा बघून," मी म्हणाले. "वांगं होतं त्या दिवशी."

अनुजा रडता रडता हसायला लागली. मग तिनं उठून बांधलेल्या सामानाची दोरी सोडली आणि आतून ताटं काढली. "रेश्मा, परत लाव," ती म्हणाली. त्या संध्याकाळी आम्ही तिघी घसा बसेपर्यंत ओरडलो. शेजारच्या इनामदार वहिनी भांडायला आल्या, त्यांनाही बसवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पोरी गेल्या. पहिल्या वर्षी फोन यायचे, मग दिवाळीला यायचे. त्यांचे संसार झाले, त्यांनी तरी काय करावं. वरच्या खोलीत आता बँकेतले एक गृहस्थ राहतात. त्यांच्या चपलेचासुद्धा आवाज येत नाही.

शनिवारी दुपारी मी स्वयंपाक झाकून ठेवते आणि सीडी लावते. रॉकेट उडताना एकटीनं ताट वाजवायला जीव होत नाही, म्हणून ते वाजवत नाही. सासूबाई हात पसरतात, आवाज जातो, मी विचारते. तिथं मात्र एकटी असले तरी मोठ्यानं विचारते. माझी खुर्ची टीव्हीच्या डाव्या अंगाला भिंतीशीच आहे. तिथून चित्र तिरकं दिसतं आणि मान दुखते, पण ते चालत येतात ते त्याच बाजूला. ते येऊन गेले की मग मी उठते आणि वाढून घेते.